बाबांचं झाकण

दुरोच्या आईनं बांधलेलं गाठोडं परवा शनिवारी परत सोडलं, तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्या बिऱ्हाडांना हायसं वाटलं. मी तर शिवणयंत्रावरचे पाय काढून जमिनीवर टेकवले आणि मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. ती बाई गेली असती तर तिच्या पोटुशा सुनेचं काय झालं असतं, या विचारानं माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. आता सगळं निस्तरलंय म्हणून हसत सांगता येतंय.

आमचं घर म्हणजे मधे एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या, मागे अंगण आणि अंगणात एक नळ. आमच्या इबादान शहरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. भिंती अशा, की शेजारणीनं रश्श्यात मिरची कमी घातली तरी इकडे कळावं. दुरोची आई मुलासुनेबरोबर पुढच्या दोन खोल्यांत राहते आणि मी त्यांच्या समोर. मी बायकांचे कपडे शिवते, दार उघडं ठेवून शिवते, कारण मला उजेड लागतो. लोक म्हणतात, आरिकेला उजेड नाही, बातम्या लागतात. म्हणोत बापडे.

तिचं खरं नाव अबेके. पण पहिलं पोर झालं की आमच्याकडे बाईचं नाव जातं ते जातंच, मग ती जन्मभर कुणाची तरी आई. दुरोची आई बस अड्ड्याच्या फाटकाशी बसून मोइन-मोइन विकायची. चवळी भिजवायची, सालं काढायची, मिरची-कांद्याबरोबर वाटायची, तेल घालून फेटायची आणि रुंद पानांच्या पुड्यांत ओतून वाफवायची. सगळी मेख त्या पुड्यात असते. पीठ असतं पातळ, आणि पान काही शिवता येत नाही. दोन पानं एकावर एक धरून, खालून दुमडून ती अशी पुडी करायची की एक थेंब गळत नसे. मी शिवणारी बाई, पण सुईदोऱ्याशिवाय तसं काही मला जमणार नाही. जन्मभर तिथं बसून तिच्या हातांना पानांचा वास लागला आणि कानात बसचे भोंगे भरले. त्या भोंग्यांनी तिचे कान अर्धे नेले. तुम्ही एक बोलावं, तिनं दुसरंच ऐकावं, आणि 'काय म्हणालात?' असं विचारणं तिला कमीपणाचं वाटावं.

तिथंच तिला नवरा भेटला. हे बाबा कोकोच्या गोदामात माल तपासायला होते. पोत्यातून मूठभर बिया काढायच्या, चाकूनं एकेक बी मधोमध चिरायची, आत बुरशी आहे का, कीड आहे का ते बघायचं, आणि मग माल पास किंवा नापास. माणसाला सवयच ती लागलेली. पहिल्यांदा तिच्याकडे आले तेव्हा त्यांनी पुडी सोडली, खिशातला चाकू काढला, मोइन-मोइन मधोमध चिरलं, दोन्ही तुकडे डोळ्यांपाशी धरून बघितले आणि म्हणाले, "ठीक आहे."

एवढंच. दुसऱ्या दिवशी परत आले, परत चिरलं, परत ठीक आहे. असं करत करत लग्न झालं. लग्नात नवरी बघून काय म्हणाले असतील ते वेगळं सांगायला नको. दुरो झाला तेव्हाही त्याला उलटासुलटा करून बघितला आणि तेच म्हणाले. दुरोची आई सांगायची, "उभ्या जन्मात या माणसानं याहून मोठा शब्द वापरला नाही बघ. आणि हसणं? हसणं तर मी बघितलंच नाही. दात होते, एवढं जेवताना कळायचं."

पण तिचा त्यांच्यावर जीव होता. ते गेले तेव्हा ती महिनोन्‌महिने अड्ड्यावर गेली नाही, आणि मग गेलीच नाही. पानांच्या पुड्या त्या दिवसापासून बंद झाल्या. घरी मोइन-मोइन केलंच तर वाट्यांत वाफवायची.

बाबांचं मयत मोठं झालं. म्हातारपणी, नातेवाइकांच्या गोतावळ्यात गेलेल्या माणसाला आम्ही रडून निरोप देत नाही, जेवणावळी घालून, वाजतगाजत देतो. सगळ्यांचे एका कापडाचे कपडे होते, ते मीच शिवले. आणि पाहुण्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून दुरोनं परतीच्या आहेराला झाकणाचे डबे केले. पांढरा प्लास्टिकचा डबा, आणि झाकणावर बाबांचा रंगीत फोटो. फोटो कुठला, तर गोदामाच्या ओळखपत्रावरचा. भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले, जणू समोरच्याच्या पोत्यात कीड दिसतेय. खाली लिहिलेलं, 'बाबा, सुखानं झोपा.'

ते डबे आले शेकड्यानं. पाहुण्यांनी नेले, गल्लीत वाटले, तरी उरले ते दुरोच्या आईनं ठेवले. आमच्या गल्लीत असं एकही स्वयंपाकघर नाही की जिथं बाबा नाहीत. माझी बटणं बाबांत आहेत. आमचा मटणवाला कासाली उरलेली कलेजी बाबांत ठेवतो. आणि हळूहळू आम्ही त्या डब्यांना डबा म्हणायचंच सोडून दिलं. "जरा दोन बाबा दे गं," "बाबा धुऊन पालथे घाल," "तुझे बाबा माझ्याकडे राहिलेत," असं चालतं इथं. नवा माणूस दचकतो, मग तोही तसंच बोलायला लागतो.

दुरोच्या आईचं मात्र तसं नव्हतं. तिच्यासाठी ते खरोखरच बाबा होते. घरातला पामच्या लाल तेलाचा रस्सा, एवेडूची पालेभाजी, कालचं, परवाचं, सगळं त्या डब्यांत. झाकण लावताना ती हलक्या आवाजात सांगायची, "आज बोकडाचं आहे हं, जरा जास्त शिजलंय." मी उंबऱ्यातून ऐकायचे आणि टाका चुकायचे. ती म्हणायची, त्या डब्यातलं जेवलं की नवरा पंगतीला असल्यासारखं वाटतं. डबे लाल तेलानं पार नारिंगी झाले होते, आतून खरखरीत झाले होते, पण बदलायचं नाव नाही.

मग दुरोनं मायक्रोवेव्ह आणला. विलायतेत कुणी वापरून टाकलेला, बंदरातून आलेला. आईला सारखं चुलीशी वाकायला नको, हा हेतू. बोळातलं असलं ते पहिलंच यंत्र. आमच्याकडे वीज येते ती पाहुणी आल्यासारखी, कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे पोरं "लाईट आली!" म्हणून ओरडली की जो तो आपलं कालचं घेऊन दुरोच्या दारात रांग लावतो. आता रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात काय असणार? बाबा. ओळीनं सगळ्यांच्या हातात भुवया आवळलेले बाबा, आत जायची वाट बघत. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आई, जिवंतपणी बाबा एवढ्या घरी जेवले नसतील."

कासालीनं एकदा स्टीलचं भांडं आत ठेवलं तर आत ठिणग्या उडाल्या आणि सगळे पळाले. तेव्हापासून आमच्या घराचा नियम ठरला, ठिणगी पडते ते वाईट, पडत नाही ते चांगलं. बाबांतून ठिणगी पडत नाही, म्हणजे बाबा चांगले. आमची अक्कल तिथं संपली.

आता सुनेचं सांगते. तिचं नाव इबिदुन. जन्म देणं गोड असतं, असं ते नाव. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन या नावाच्या मुलीची ओटी रिकामी. देवाला थट्टाच करायची होती तर दुसरं कुणी सापडलं नाही का, असं मला वाटायचं. एकदा दिवस राहिले होते, ते टिकले नाहीत. तेव्हा दुरोच्या आईनं आपली चटई उचलून सुनेच्या चटईशेजारी टाकली आणि पोरीचं रडणं थांबेपर्यंत तिथंच निजत राहिली. इबिदुनची स्वतःची आई ती शाळेत असतानाच वारलेली. त्यामुळे सासू म्हणा, आई म्हणा, तिला जी काही होती ती हीच.

आणि या वर्षी परत दिवस राहिले. सहावा लागला, आणि आम्ही सगळ्या बायका तोंडानं काही न बोलता मनातल्या मनात दिवस ढकलत होतो.

टेकडीवरच्या दवाखान्यात पोटुशा बायकांना तपासणीआधी बसवून घेतात आणि नर्सबाई त्यांना गाण्यांतून चार गोष्टी शिकवतात. टाळ्या वाजवायच्या, डुलायचं, गायचं. गेल्या सोमवारी नर्सबाईंनी एक जुना खरवडलेला डबा हातात धरला आणि गाणं शिकवलं. प्लास्टिकला आमच्या बोलीत रोबा म्हणतात, रबराचा झालेला रोबा. तर गाणं असं,

गरम गरम रोबात नको गं,
रोबात नको, रोबात नको,
बाळ माझं पोटात गं,
रोबात नको!

चाल मोठी छान. एकदा ऐकली की जिभेवर चिकटते. इबिदुन घरी आली ती गाणं गुणगुणतच. झाडताना रोबात नको, कपडे वाळत घालताना रोबात नको. आणि त्याच दिवसापासून पोरगी डब्यातलं गरम केलेलं खाईना. सासूला तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून हळूच मागच्या अंगणात जाऊन कुत्र्याला घालायची. कुत्रं चार दिवसांत गुबगुबीत झालं, तरी आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुरोच्या आईच्या लक्षात आलं. गुरुवारी ती नळावर गेली आणि बघते तर सूनबाई बाबांना पालथं करून कुत्र्यापुढे रस्सा ओततेय, आणि ओठांवर गाणं आहे.

मी बोळाच्या मागच्या टोकाशी धावले, तिथून ऐकलं-बघितलं ते सांगते.

"माझ्या हातचं कुत्र्याला?"

"आई, चुकले. नर्सबाई म्हणाल्या, रोबा नको—"

"नर्सबाई? माझ्या घरात बाबा हवेत की नकोत, हे आता नर्सबाई ठरवणार?"

"आई, तसं नाही, पोटातल्या बाळाला—"

"बाळाचं नाव घेऊ नकोस! चार दिवस ऐकतेय मी तुझं गाणं. नको नको नको! तो माणूस मेला म्हणून काय त्याला हाकलायचं? त्याचं नाव या बाळाला लावणार होते मी!"

इबिदुन गुडघ्यांवर बसली होती. थोरांपुढे आम्ही गुडघे टेकतोच, पण ती त्या दिवशी उठलीच नाही, तशीच रडत राहिली. दुरोची आई पुढे म्हणाली, "याच भांड्यांतून जेवून तुझा नवरा दारासारखा आडवातिडवा वाढलाय." आता दुरो वाढला तो पानांतल्या मोइन-मोइनवर, आणि हे डबे तर त्याच्या बापाच्या मयतातले. पण भांडणात हिशेब कोण बघतो? मीही ऐकलं आणि मला वाटलं, बाई डब्यांबद्दल बोलतेय. आमच्याकडे डबे म्हणजे बाबाच ना. ती खरंच बाबांबद्दल बोलतेय, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी तिनं गाठोडं बांधलं. इसेयिनला तिची बहीण असते, तिच्याकडे जाणार, शनिवारी सकाळी, कायमची. दुरो कामावरून आला आणि अडकित्त्यातली सुपारी झाला. आईकडे बघितलं की बायको रडायची, बायकोकडे बघितलं की आई गाठोड्याची गाठ आणखी आवळायची.

शुक्रवारी इबिदुन माझ्याकडे आली. हातात माप द्यायचा ब्लाउज होता, पण माप कुणाला घ्यायचं होतं?

"काकू, आई खरंच जातील?"

"तुझी सासू एकदा बोलली की बोलली."

"मग बाळाला न्हाऊ कोण घालणार?"

आमच्याकडे नव्या बाळाला आजी न्हाऊ घालते. पायांवर घेते, अंग चोळते, हातपाय ताणते, आणि शेवटी वर उडवून झेलते. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, पण आजीचे हात चुकत नाहीत.

"मी घालेन की," मी म्हटलं.

ती माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "तुमच्या हाताला सुया असतात, काकू." आणि मग एकदम रडायलाच लागली. "मागच्या खेपेला त्या शेजारी निजल्या नसत्या तर मी उठले नसते. आता त्या नसल्या आणि परत काही झालं तर? मला बाळाला धरायचीसुद्धा भीती वाटते, काकू."

मी दुरोच्या आईकडे जाऊन बसले. विनवलं, चेष्टा केली, शेवटी रागावलेसुद्धा. ती एकच म्हणाली, "आरिके, जिथं माझा नवरा नकोसा झालाय तिथं मी हवीशी कशी असेन?" मी परत येऊन एका बाईच्या बाह्या उलट्या शिवल्या आणि तशाच उसवत बसले.

शनिवार उजाडला. दारात गाठोडं आलं. दुरो गाडी ठरवायला गेला, म्हणजे जेवढं सावकाश जाता येईल तेवढं सावकाश गेला. इबिदुन आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तोंड सुजलेलं. आणि तेवढ्यात पोरं ओरडली, "लाईट आली!"

दुरोची आई म्हणाली, "वाटेत बाहेरचं खाणार नाही मी. आमचं आम्ही गरम करून घेऊ." आमचं म्हणजे तिचं आणि बाबांचं. तिनं लाल तेलाचा रस्सा डब्यात काठोकाठ भरला. सांडायला नको म्हणून झाकण दोन्ही हातांनी दाबून गच्च बसवलं. डबा आत ठेवला आणि यंत्राची कळ, नळ सोडावा तशी, पार शेवटपर्यंत फिरवली. तिच्या मागे कासाली आपले बाबा घेऊन रांगेत उभा राहिला. काय वेळ आणि काय कलेजी, पण त्याला पोट आधी.

पहिल्यांदा वास आला. गरम रश्श्याचा नव्हे, जळक्या चपलेचा. मग काचेतून दिसायला लागलं की डबा एका बाजूनं खाली बसतोय.

"आई!" इबिदुन दारातून ओरडली. "आई, रोबा! रोबा बघा!"

दुरोच्या आईनं छातीवर हात ठेवला आणि गर्रकन मागे वळली. "बाबा? कुठं? कुठं आहेत बाबा?"

ती बोळात बघत होती. खरंच बघत होती, माणूस शोधावा तशी. मी ते बघितलं आणि माझ्या टाळक्यात दिवा लागला.

"बाबा नाही हो आई!" मी माझ्या उंबऱ्यातून ओरडले. "रोबा म्हणतेय ती! रोबा! वितळतोय तो!"

आणि आत फाट्‌कन आवाज झाला.

इबिदुन पोटासकट धावली आणि तिनं आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. वाफ निवू दिली. मग फडक्यानं धरून तो डबा बाहेर आणला आणि ओट्यावर ठेवला. झाकण एका कडेनं उडालं होतं आणि वाकडं होऊन तिथंच अडकलं होतं. आम्ही सगळे वाकून बघतो तर काय, झाकण ताणलं गेलं होतं आणि त्याबरोबर बाबाही. एक डोळा मिटला होता. भुवया वर गेल्या होत्या. आणि ओठाचं एक टोक थेट कानापर्यंत पोचलं होतं.

"बाबांनी डोळा मारला की," कासाली म्हणाला. मी त्याच्या पाठीत मापाची पट्टी घातली.

मला वाटलं, आता ही बाई हंबरडा फोडणार. दुरोच्या आईनं ते झाकण फडक्यानं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, मान इकडून तिकडे करून बघितलं.

"हसला," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघून मोठ्यानं, "अगं आरिके, हे बघ! मेला हसला!"

आणि ती स्वतः हसायला लागली. अशी हसली की डोक्याचं कापड सुटलं. जन्मात न हसलेला माणूस मेल्यावर हसला होता, आणि तोही तिच्याच स्वयंपाकघरात. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आम्हालाही कळेना हसावं की रडावं, म्हणून आम्ही दोन्ही केलं.

थोड्या वेळानं ती आपल्याच गाठोड्यावर बसली. "सूनबाई, आत्ता तू काय म्हणालीस? बाबा बघा?"

"रोबा बघा म्हटलं, आई."

"आणि ते गाणं? बाबा नको, बाबा नको?"

इबिदुनचा हात तोंडावर गेला. "अगो बाई! रोबात नको, आई! गरम गरम रोबात नको! दवाखान्यातलं आहे ते. बाबांना मी का नको म्हणेन?"

"बाबा नाही?"

"रोबा, आई." तिनं त्या नर्सबाईसारखा डबा उचलून दाखवला. "हा!"

"म्हणजे इतके दिवस तू या मेल्या डब्याला नको म्हणत होतीस," दुरोची आई म्हणाली, "आणि मी नवऱ्यासाठी घर सोडायला निघाले होते?" तिनं स्वतःच्या दोन्ही कानांवर चापट मारली. "भोंगे भरलेत गं या कानांत, भोंगे!"

तेव्हा कुठे तिचं लक्ष डब्याच्या आत गेलं. रस्सा अजून कडेनं बुडबुडत होता. जिथं तेल चढलं होतं तिथं प्लास्टिकला भाजल्यासारखे फोड आले होते. तिनं चमच्यानं खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि रश्श्यावर तरंगायला लागला. तिचा चेहरा उतरला.

"हे तू खाल्लंस?"

"गाणं शिकल्यापासून नाही, आई. डब्यात तापवलेलं तेवढं टाकलं. पातेल्यातलं गार असेल ते रोज खात होते, तुम्ही नळावर गेलात की. तुमच्या हातचं सोडून मी काय खाणार?"

दुरोच्या आईनं सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. आतून लाथ बसली असावी, कारण तिचे डोळे पटकन उघडले. मग ती गाठोड्यावरून उठली, खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. दोन दिवस आवळलेली गाठ, सुटेना. शेवटी मी माझी कात्री आणली. तिनं ती घेतली नाही, दातांनी सोडवली.

तेवढ्यात दुरो आला. "आई, गाडी आणलीय," म्हणाला, तोंड एवढंसं करून.

"कशाला?" ती म्हणाली. "कुणाला कुठं जायचंय?"

त्या गाडीवाल्यानं गल्लीच्या टोकापर्यंत आम्हाला काय काय ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

त्या दिवशी दुपारी बोळात सभा भरली आणि इबिदुन नर्सबाई झाली. आता तिला कुणी अडवणारं नव्हतं. तिनं सगळ्यांचे बाबा मागवून घेतले आणि बोटानं आतून चाचपून दाखवलं, कुठं खरखरीत, कुठं पिवळं. हे डबे यंत्रासाठी केलेलेच नाहीत, म्हणाली. प्लास्टिक तापलं की त्यातलं नको ते अन्नात उतरतं, आणि तेलकट असेल तर जास्तच. कढत रस्सा तर त्यात ओतूसुद्धा नये.

"मग ठिणगी पडत नाही ते चांगलं, त्याचं काय?" कासालीनं विचारलं.

"कासालीदादा, ठिणगी पडली नाही म्हणजे यंत्र वाचलं. पोटाचं कुणी सांगितलं?"

गरम करायचं ते काचेत किंवा जाड चिनी मातीत, बशीला सोनेरी काठ नको. भांड्याच्या बुडाला, यंत्रात चालतं असं सांगणारी तीन लाटांची खूण आहे का बघायची. वरती नुसती बशी ठेवायची, वाफेला वाट राहू द्यायची. स्टील, कल्हईचं, बीडाचं चुलीवर खुशाल. कासालीनं विचारलं, बाबांचं मग करायचं काय, टाकायचे? आम्ही सगळ्यांनी दुरोच्या आईकडे बघितलं.

"टाकताय कशाला?" ती म्हणाली. "त्यांना उष्मा कधीच सोसायचा नाही. सुकं ठेवा त्यांच्यात. तीळ ठेवा, मीठ ठेवा, आरिकेची बटणं ठेवा. कोरडेच बरे ते."

तसं आता ठरलंय. गरम गरम बाबात नको, हे गाणं पोरं आता तिला चिडवायला मुद्दाम तसंच म्हणतात, आणि ती त्यांच्यामागे पळी घेऊन धावते. ते वाकडं झाकण तिनं भिंतीवर बाबांच्या मोठ्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलंय. एकात नापास, एकात पास, असं मी म्हणते.

काल रविवारी ती बाजारातून मोइन-मोइनची पानं घेऊन आली. इतक्या वर्षांनी. भलाथोरला हिरवा भारा, डोक्यावर. अंगणात सुनेला शेजारी बसवलं आणि पुडी शिकवायला लागली. दोन पानं अशी, देठ बाहेर, खालून दुमड, हाताच्या पोकळीत धर, घाबरू नकोस. इबिदुनची पहिली पुडी गळली, पीठ तिच्या कोपरापर्यंत आलं. दुसरी गळली. तिसरी जरा लंगडी उभी राहिली. ती पातेल्यात गेली सासूच्या पुड्यांच्या आधारानं.

वाफ झाल्यावर आम्ही सगळे जमलो. दुरोच्या आईनं स्वतःच्या पुड्या बाजूला सारल्या आणि ती लंगडी पुडी उचलली. पान सोडलं. मोइन-मोइन एका बाजूला कलंडलेलं होतं, पण आत नीट शिजलं होतं. तिनं चाकू घेतला, ते मधोमध चिरलं, आणि दोन्ही तुकडे डोळ्यांपाशी धरून बघत राहिली. इबिदुन पोटावर हात ठेवून उभी होती.

"ठीक आहे," दुरोची आई म्हणाली, आणि मोठा तुकडा तिनं सुनेच्या हातावर ठेवला.

पोरीनं तो तसाच धरून ठेवला आणि ती रडायला लागली. आमची पोरं विचारायला लागली, काय झालं, काय झालं, वहिनी का रडतात? मी म्हटलं, काही नाही रे, पास झाली ती. तुम्ही जेवा.